कॉन्टॅक्टचे मॉडेल अर्ध्यात थांबते तेव्हा: आधी बंधनांचा हिशेब, मग सेटिंग्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणमधील एका पुरवठादार कंपनीतील अभियंत्याने इंजिन माउंटच्या ब्रॅकेटचे अरेखीय विश्लेषण अबाकसमध्ये (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून आणि ते नोड नावाच्या बिंदूंनी जोडून ताण काढणारे सॉफ्टवेअर) लावले आहे. ब्रॅकेट डाय-कास्ट ॲल्युमिनियमचा आहे. त्याच्या ३० मिमी व्यासाच्या बोअरमध्ये रबर बुश दाबून बसवला आहे. बुशची बाहेरची पोलादी स्लीव्ह २.५ मिमी जाड व ३० मिमी लांब आहे आणि त्रिज्येवरील इंटरफेरन्स, म्हणजे स्लीव्ह बोअरपेक्षा जितकी मोठी आहे तो फरक, ०.०५ मिमी आहे. बोअरभोवती ब्रॅकेटची बाहेरची त्रिज्या २५ मिमी आहे. ब्रॅकेट दोन एम१० बोल्टांनी चासीवर बसतो. चासी रिजिड सरफेस म्हणून घेतली आहे आणि बोल्टांचे आटे तिला टाय केले, म्हणजे कायमचे चिकटवले, आहेत. बुशसाठी जनरल कॉन्टॅक्ट आहे (कॉन्टॅक्ट म्हणजे पृष्ठभाग टेकू वा सुटू शकतात, पण एकमेकांत घुसत नाहीत, ही अट), तर ब्रॅकेटच्या तळासाठी वेगळी कॉन्टॅक्ट पेअर असून तिच्यात डायरेक्ट पद्धत (घुसखोरी अजिबात न चालवणारी) निवडली आहे. सगळीकडे घर्षणांक ०.१५ आहे. ब्रॅकेटच्या एका कोपऱ्यात शेजारच्या पाइपचे वजन लावण्यासाठी कायनेमॅटिक कपलिंग (निवडलेले नोड एका संदर्भ बिंदूला कडकपणे जोडणारे बंधन) दिले आहे. पहिल्या स्टेपमध्ये, म्हणजे टप्प्यात, बोल्टांचा प्रीलोड (बोल्ट कसल्याने येणारी ओढ) आणि दुसऱ्या स्टेपमध्ये बुशच्या आतल्या नळीवर ६ किलोन्यूटन भार, असा क्रम आहे. पहिल्याच इन्क्रिमेंटला (स्टेपच्या पहिल्या छोट्या हिश्शाला) बुशच्या नोड्सवर ‘न्यूमेरिकल सिंग्युलॅरिटी’च्या सूचना आल्या. कॉन्टॅक्ट स्टॅबिलायझेशन (तात्पुरता कृत्रिम आधार) चालू केल्यावर पहिली स्टेप पार पडली, पण दुसरीत त्या कोपऱ्यातील नोड्सवर ‘झिरो पिव्हट’ येऊन विश्लेषण थांबले. वरिष्ठांचे म्हणणे आहे की सगळे कॉन्टॅक्ट टाय करून टाका. टाय करावे, की टॉलरन्स (उत्तरात किती शिल्लक चूक चालेल ती मर्यादा) सैल करावा, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की यांपैकी काहीही आत्ता करू नये. तुमच्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध जातीचे आहेत. सुरुवातीला बुशला पुरेसे बंधन नाही. नंतर कोपऱ्याला गरजेपेक्षा जास्त बंधन आहे. कॉन्टॅक्ट असलेल्या मॉडेलची खरी अडचण हीच असते. साध्या रेखीय विश्लेषणात बंधनांची संख्या एकदा ठरली की ठरली. इथे ती प्रत्येक इटरेशनला, म्हणजे उत्तराच्या प्रत्येक नव्या अंदाजाला, बदलते, आणि त्यामुळे एकच मॉडेल सकाळी सैल आणि दुपारी जखडलेले असू शकते. सोल्व्हरच्या सेटिंग्ज बदलून या दोन्हींपैकी एकही दोष जात नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

प्रथम त्या दोन सूचनांमधला फरक नीट पाहू. स्टिफनेस मॅट्रिक्सचे (मॉडेलच्या ताठरपणाच्या तक्त्याचे) विघटन करताना सोल्व्हर एकेका स्वातंत्र्य-अंशापाशी, म्हणजे नोडच्या हलण्याच्या एकेका प्रकारापाशी, येतो आणि तिथे किती ताठरपणा उरला आहे (हाच पिव्हट) ते पाहतो. एखादा भाग कशालाच धरलेला नसेल तर सुरुवातीचा आकडा मोठा असतो, पण वजाबाकी होत होत शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही. मेसेज फाइलमध्ये नोड, त्याचा स्वातंत्र्य-अंश आणि एक प्रचंड गुणोत्तर छापले जाते, ती हीच परिस्थिती. झिरो पिव्हट बहुतेक वेळा उलट बाजूने येतो. डायरेक्ट पद्धतीत प्रत्येक बंद कॉन्टॅक्टसाठी लग्रांज गुणक नावाची एक जादा अज्ञात संख्या समीकरणांत येते. दोन समीकरणे एकच गोष्ट सांगत असतील, तर दुसऱ्या गुणकाची किंमत ठरवायला काही आधार राहत नाही आणि पिव्हट शून्य होतो. म्हणून न्यूमेरिकल सिंग्युलॅरिटी दिसली की ‘हा भाग कोणी धरला आहे?’ असे विचारावे आणि झिरो पिव्हट दिसला की ‘या नोडला किती जण आज्ञा देत आहेत?’ असे विचारावे. दोन्ही सूचनांबरोबर नोडचा क्रमांक येतो. तो नोड मॉडेलमध्ये शोधून, त्याच्यावरच्या सगळ्या बंधनांची नावे कागदावर लिहून काढल्याशिवाय पुढचा रन लावू नये. बुधवारी संध्याकाळी घाईने पाच सेटिंग्ज बदलून रन लावायचा आणि गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी येऊन पाहायचे, या आपल्याकडच्या पद्धतीत लायसन्सही खर्च होते आणि कोणत्या बदलाने काय झाले तेही कळत नाही.

आता बुशकडे येऊ, कारण तिथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रत्यक्षात हा बुश बोअरमध्ये कशामुळे टिकतो? भोसरीतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर बुश बसवताना पाहिले की उत्तर समोरच असते: इंटरफेरन्समुळे दाब तयार होतो, दाबामुळे घर्षण, आणि घर्षण बुशला अक्षाच्या दिशेने सरकू देत नाही व फिरूही देत नाही. हा दाब हाताने काढता येतो. जाड नळीच्या लामे सूत्रात ब्रॅकेटसाठी आतली त्रिज्या १५ व बाहेरची २५ मिमी, स्लीव्हसाठी १२.५ व १५ मिमी, ॲल्युमिनियमचा यंग मापांक ७०,००० आणि पोलादाचा २,१०,००० मेगापास्कल, पॉयसन गुणोत्तरे अनुक्रमे ०.३३ आणि ०.३ घातली, तर ०.०५ मिमी इंटरफेरन्सला सुमारे ५५ मेगापास्कल दाब येतो. रबराचा आधार इथे नगण्य धरला आहे. संपर्काचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मिमी आहे, म्हणजे घर्षणांक ०.१५ असताना बुश बाहेर ढकलायला २३ किलोन्यूटनांच्या आसपास बल लागेल. तुमचा भार ६ किलोन्यूटनांचा आहे. खरा बुश जागचा हलणार नाही, मग मॉडेलमधला का सुटला?

कारण तुमच्या मॉडेलमध्ये तो इंटरफेरन्स बहुधा शिल्लकच नाही. अबाकस स्टँडर्डमधील जनरल कॉन्टॅक्ट सुरुवातीला आढळणारे छोटे ओव्हरक्लोजर (पृष्ठभाग एकमेकांत घुसलेले असणे) ही मेशिंगची, म्हणजे एलिमेंट पाडण्यातली, चूक समजतो आणि स्लेव्ह बाजूचे (जोडीतल्या दुसऱ्या पृष्ठभागाचे ऐकणाऱ्या बाजूचे) नोड ताण न येऊ देता गुपचूप सरकवून ते नाहीसे करतो. ‘छोटे’ म्हणजे किती, हे एलिमेंटच्या आकारावरून ठरते, आणि जवळपास ४ मिमीच्या एलिमेंटसमोर ०.०५ मिमी म्हणजे काहीच नाही. ही सोय बहुतेक कामांत उपयोगी असते. प्रेस-फिटमध्ये मात्र ती भौतिकशास्त्रच पुसून टाकते. स्लीव्ह बोअरला नुसती टेकलेली राहते, दाब शून्य, म्हणून घर्षण शून्य, म्हणून अक्षाची दिशा आणि अक्षाभोवतीचे फिरणे हे दोन्ही मोकळे. तुमच्या सूचनांमधील स्वातंत्र्य-अंशाचा क्रमांक बुशच्या अक्षाचाच आहे का, हे तपासून पाहा. असेल तर निदान पक्के समजा. यावर उपाय असा की त्या दोन पृष्ठभागांसाठी इंटरफेरन्स फिट स्पष्टपणे नेमून द्यावा आणि तो पूर्ण स्टेपभर हळूहळू सोडवला जाईल असे ठरवावे. अन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी कॉन्टॅक्टचा ऑफसेट रॅम्प करण्याचा पर्याय आहे. तिथे ‘ॲडजस्ट टू टच’ निवडले तर हाच इंटरफेरन्स तसाच नाहीसा होतो.

स्टॅबिलायझेशन चालू केल्यावर पहिली स्टेप का पार पडली, तेही आता कळेल. त्या सुविधेने बुश आणि बोअर यांच्यामध्ये कृत्रिम अवमंदन घातले आणि घर्षणाने करायचे काम त्याने केले. स्टॅबिलायझेशन वाईट नाही. बोल्टचे डोके ब्रॅकेटपासून काही मायक्रॉन दूर असेल आणि ते टेकेपर्यंतच आधार हवा असेल, तर तो अतिशय उपयोगी आहे, कारण डीफॉल्टमध्ये ते अवमंदन स्टेपच्या शेवटी शून्यावर येते. ज्या भागाला स्टेपच्या शेवटीही खरे बंधन मिळणार नाही, तिथे मात्र त्याचा वापर म्हणजे दुखणे पुढच्या स्टेपवर ढकलणे. वापरलेच तर स्टॅबिलायझेशनमध्ये खर्च झालेली ऊर्जा आणि मॉडेलची एकूण अंतर्गत ऊर्जा यांची तुलना करावी आणि कृत्रिम अवमंदनाचा कॉन्टॅक्ट दाब खऱ्या दाबाच्या तुलनेत किती आहे तेही पाहावे. हे दोन आलेख काढल्याशिवाय स्टॅबिलायझेशन वापरलेला निकाल ग्राहकाकडे पाठवू नये, असा आग्रह मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये धरतो.

इंटरफेरन्स पुन्हा चालू केल्यावर एक नवी अडचण येण्याचा संभव आहे, ती आधीच सांगतो. तुम्ही बोअरच्या परिघावर २४ आणि स्लीव्हच्या परिघावर ३२ एलिमेंट घेतल्याचे लिहिले आहे, आणि ते पहिल्या क्रमाचे हेक्सा (विटेसारखे, कडेवर मधले नोड नसलेले) आहेत. पहिल्या क्रमाच्या एलिमेंटचा कडा सरळ असतो, म्हणजे तुमचा बोअर वर्तुळ नसून चोवीस बाजूंचा बहुभुज आहे. १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात अशी प्रत्येक बाजू मध्यभागी ०.१२८ मिमी आत येते. इंटरफेरन्स ०.०५ आणि मेशची चूक ०.१२८! बोअरच्या बाजूच्या मध्यावर स्लीव्हचा कोपरा आला तर ओव्हरक्लोजर ०.१८ मिमीच्या घरात जाईल आणि बोअरच्या कोपऱ्यासमोर स्लीव्हच्या बाजूचा मध्य आला तर ०.०२ मिमीची फट राहील. अशा मॉडेलमधील दाबाचे चित्र ठिपक्याठिपक्यांचे दिसते आणि इटरेशन वाढतात. परिघावर ७२ भाग केले तर ही चूक ०.०१४ मिमीवर येते. दोन्ही बाजूंचे भाग सारखे आणि समोरासमोर ठेवणे, दुसऱ्या क्रमाचे एलिमेंट घेऊन मधले नोड खऱ्या भूमितीवर बसवणे किंवा अबाकसमधील कॉन्टॅक्ट पृष्ठभागाचे स्मूदिंग वापरणे, हेही मार्ग आहेत. कोणताही निवडा, पण इंटरफेरन्सची स्टेप संपल्यावर सरासरी दाब ५५ मेगापास्कलच्या जवळपास येतो की नाही, हे त्या हाताच्या हिशेबाशी ताडून पाहा. ब्रॅकेट हा पूर्ण गोल नळीसारखा नसल्यामुळे परिघावर फरक दिसणारच, पण आकडा निम्मा किंवा दुप्पट येऊ लागला तर पुढे जाऊ नका.

याच ठिकाणी पेनल्टी ताठरपणाचाही विचार करावा लागतो. जनरल कॉन्टॅक्टमध्ये डीफॉल्ट पद्धत पेनल्टीची (घुसखोरीला स्प्रिंगसारखा विरोध करणारी) असते आणि तिचा ताठरपणा खालच्या एलिमेंटच्या प्रातिनिधिक ताठरपणाच्या दहापट धरलेला असतो. पेनल्टीत थोडी घुसखोरी गृहीतच असते. एरवी ०.००५ मिमी घुसखोरी कोणी मनावर घेणार नाही, पण एकूण इंटरफेरन्सच ०.०५ मिमी असेल तर तेवढ्या घुसखोरीने दाब थेट दहा टक्क्यांनी घटतो. म्हणजे घुसखोरी किती चालेल हे एलिमेंटच्या आकारावरून नव्हे, तर त्या जागी जे अंतर तुम्हाला महत्त्वाचे आहे त्यावरून ठरवायचे. दुसरीकडे, पेनल्टी वाटेल तितकी वाढवली की समीकरणांची अवस्था बिघडते आणि कॉन्टॅक्ट उघडझाप करू लागतो. प्रेस-फिटसाठी ऑगमेंटेड लग्रांज (पेनल्टीतली घुसखोरी फेऱ्या करून कमी करणारी पद्धत) हा मला बहुधा समतोल पर्याय वाटतो. इटरेशन थोड्या वाढतात, पण घुसखोरी आवाक्यात राहते.

दुसरा दोष, म्हणजे कोपऱ्यातला झिरो पिव्हट, समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडमधल्या फिक्श्चर डिझायनरचा ३-२-१ नियम पुरेसा आहे. कच्चे कास्टिंग मशीनवर बसवताना तळाला तीनच टेकू देतात. चौथा कडक टेकू दिला तर कास्टिंग डुगडुगते आणि कोणत्या टेकूवर किती भार आहे हे कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या कोपऱ्यात नेमके हेच झाले आहे. कायनेमॅटिक कपलिंगमध्ये घेतलेले सगळे नोड मिळून एक कडक तुकडा बनतो, ज्याला केवळ सहा स्वातंत्र्य-अंश असतात. त्या नोड्समध्ये ब्रॅकेटच्या तळाचे नोडही आले आहेत आणि तेच नोड तळाच्या कॉन्टॅक्ट पेअरमध्ये स्लेव्ह आहेत. समोर चासी रिजिड. ६ किलोन्यूटन भार लागू झाल्यावर ब्रॅकेटची टाच खाली दाबली जाते आणि त्या कोपऱ्यातले कॉन्टॅक्ट एकामागून एक बंद होतात. तीन नोड टेकेपर्यंत सगळे ठीक असते: त्या तुकड्याचे खाली सरकणे आणि दोन दिशांचे कलणे एवढेच ठरवायचे असते. चौथा नोड टेकला की समीकरण नवे काही सांगत नाही, पण गुणक मात्र एक वाढतो. म्हणूनच ही सूचना पहिल्या स्टेपमध्ये आली नाही. तेव्हा तिथले कॉन्टॅक्ट उघडे होते.

सोल्व्हर सुरू होण्यापूर्वी अबाकस बंधनांची परस्परविरोधी जोडणी तपासतो आणि टायवरच्या बाउंडरी कंडिशनसारख्या काही साध्या बाबी स्वतःच निस्तरतो. पण विश्लेषणाच्या मध्यावर बंद होणारे कॉन्टॅक्ट त्याला आधी कसे दिसणार? तिथे माणसानेच पाहायला हवे. उपाय सोपा आहे. पाइपचे वजन हे ब्रॅकेटला ताठ करण्यासाठी दिलेले नाही, ते फक्त भार पोहोचवण्यासाठी आहे; म्हणून कायनेमॅटिकऐवजी डिस्ट्रिब्युटिंग कपलिंग वापरा, ज्यात नोड आपापसात मोकळे राहतात आणि भार सरासरीने वाटला जातो. शिवाय कपलिंगमधून तळाचे नोड काढून टाका. पाइपचा क्लॅम्प वरच्या पृष्ठभागावर बसतो, तळाला त्याचा संबंधच नाही. डायरेक्टऐवजी पेनल्टी केली तरी सूचना थांबेल, हे खरे आहे. पण त्या कडक तुकड्याखालचा दाब तेव्हा ब्रॅकेटच्या ताठरपणाने ठरणार नाही, पेनल्टीच्या आकड्याने ठरेल, आणि टाचेखालचा दाब हाच जर तुम्हाला हवा असेल तर तो निकाल निरुपयोगी आहे.

आज्ञांची अशी टक्कर आणखी काही ठिकाणी नेहमी होते, ती थोडक्यात नोंदवतो. टायमधील स्लेव्ह नोडचे स्वातंत्र्य-अंश समीकरणांतून आधीच वजा झालेले असतात. त्यावर बाउंडरी कंडिशन, कपलिंग किंवा दुसऱ्या टायचे स्लेव्हपण लादू नये. सममिती-प्रतलावरचा नोड आणि त्याच दिशेने बंद होणारा डायरेक्ट कॉन्टॅक्ट एकत्र आले की तेच होते. नास्ट्रान या सॉफ्टवेअरमध्ये आरबीई३ चा (भार सरासरीने वाटणाऱ्या जोडणीचा) संदर्भ नोड हा परावलंबी असतो, आणि त्याच्यावर एसपीसी (नोड जागी धरणारी अट) दिली की २१०१ए क्रमांकाची घातक चूक येते. हिंजवडीतल्या नव्या मुलांना ही चूक पहिल्याच महिन्यात भेटते आणि ती का येते हे समजले की बंधनांचे निम्मे शास्त्र समजते. रेखीय समीकरणाने जोडलेले नोड मोठ्या परिभ्रमणाच्या विश्लेषणात वापरू नयेत, कारण समीकरणातले सहगुणक भागाबरोबर फिरत नाहीत. रबराला हायब्रिड एलिमेंट (आतला दाब वेगळी अज्ञात संख्या धरणारे) द्यावेत, आणि असंपीड्य रबराच्या एखाद्या एलिमेंटचे जवळजवळ सगळे नोड कपलिंगने जखडले जात नाहीत ना, ते पाहावे. आकारमान बदलायचे नाही आणि नोडही हलायचे नाहीत, या दोन अटींची तिथे गाठ पडते.

आता मुख्य तपासणी, जी मी कॉन्टॅक्टच्या प्रत्येक मॉडेलवर सर्वांत आधी करायला सांगतो. सगळे कॉन्टॅक्ट काढून टाका आणि साधे मोडल विश्लेषण (नैसर्गिक कंपनांचे) लावा. घनता द्यायला विसरू नका. मिमी-टन-सेकंद पद्धतीत पोलादाची ७.८५ × १०⁻⁹ आणि ॲल्युमिनियमची सुमारे २.७ × १०⁻⁹ येते. आता शून्याजवळच्या वारंवारतेचे मोड, म्हणजे आकार न बदलता भाग मोकळा हलण्याचे प्रकार, मोजा. मोकळ्या प्रत्येक वस्तूमागे सहा. तुमच्या मॉडेलमध्ये बोल्ट चासीला टाय आहेत, म्हणून मोकळ्या वस्तू दोनच: ब्रॅकेट आणि बुश. शून्य मोड १२ यायला हवेत. बोल्टाच्या प्रीटेन्शन सेक्शनचा (जिथे प्रीलोड लावतात त्या कापाचा) नोड मात्र बांधून ठेवा, नाहीतर बोल्ट आपल्या लांबीत मोकळा राहून प्रत्येकी एक जादा मोड दाखवील. मोड १२ पेक्षा जास्त आले तर कुठेतरी मेश जोडलेला नाही, बहुधा रबर आणि स्लीव्ह यांच्यामधले नोड एकत्र झालेले नाहीत. कमी आले तर तुमच्या नकळत एखादे बंधन काम करते आहे. ॲनिमेशन पाहिले की कोणता भाग कसा सुटला आहे ते डोळ्यांना दिसते. मग एका कागदावर या बारा मोडांसमोर लिहा, की कोणत्या स्टेपमध्ये, कशामुळे, हा मोड धरला जाणार आहे. ब्रॅकेटचे वर उचलणे आणि दोन्ही कलणे प्रीलोडने धरली जातील. तळावर सरकणे आणि फिरणे प्रीलोडमधून आलेल्या घर्षणाने. बुशचे अक्षाच्या दिशेने सरकणे व अक्षाभोवती फिरणे हे दोन मोड इंटरफेरन्समधून आलेल्या घर्षणाने, बाकीचे चार बोअरच्या भिंतीने. ज्या मोडासमोरची जागा कोरी राहील, तिथेच सोल्व्हर थांबणार आहे. छोट्या मॉडेलला हे काम काही मिनिटांचे आहे.

या कागदावरूनच स्टेपचा क्रम ठरतो. पहिल्या स्टेपमध्ये फक्त इंटरफेरन्स सोडवावा. त्या वेळी ब्रॅकेटला ३-२-१ पद्धतीने तीन नोड्सवर तात्पुरते धरावे आणि आतल्या नळीचा संदर्भ बिंदूही बांधून ठेवावा. दुसऱ्या स्टेपमध्ये बोल्टांना अगदी थोडा, समजा ५०० न्यूटन, प्रीलोड द्यावा, म्हणजे सगळे पृष्ठभाग टेकतील. तिसऱ्यात ब्रॅकेटचा तात्पुरता आधार काढून पूर्ण प्रीलोड द्यावा. एम१० च्या ८.८ दर्जाच्या बोल्टाचे ताण-क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी आणि प्रूफ स्ट्रेंग्थ ५८० मेगापास्कल धरून, तिच्या ७५ टक्क्यांवर तो २५ किलोन्यूटन येतो. चौथ्या स्टेपमध्ये बोल्टांची लांबी आहे त्या ठिकाणी पक्की करून नळी सोडावी, आणि मगच पाचव्यात भार. तात्पुरता आधार काढण्याच्या आधी त्याच्यावरची प्रतिक्रिया अवश्य पाहा. ती जवळजवळ शून्य असायला हवी. तिथे शेकडो न्यूटन दिसत असतील तर मॉडेल त्या आधारावर टेकलेले आहे आणि तो काढताच झटका बसेल.

टॉलरन्सबद्दल. अबाकसमध्ये शिल्लक बलाची डीफॉल्ट मर्यादा मॉडेलमधील सरासरी बलाच्या ०.५ टक्के आहे. ही सरासरी संपूर्ण मॉडेलची असल्याने २५ किलोन्यूटनांच्या दोन बोल्टांमुळे ती आधीच वर गेलेली असते, आणि बुशच्या रबरात जिथे बले लहान आहेत तिथे ही मर्यादा तुम्हाला वाटते त्यापेक्षा सैलच असते. ती आणखी सैल करणे म्हणजे समतोल नसलेल्या स्थितीला उत्तर म्हणणे. त्यापेक्षा मेसेज फाइलमधील आकड्यांची चाल वाचावी. शिल्लक बल दर इटरेशनला झपाट्याने घटत असेल पण वेळ कमी पडत असेल, तर इटरेशनची मर्यादा वाढवणे न्याय्य आहे. शिल्लक बल लहान झाले आहे पण विस्थापनाची दुरुस्ती मोठीच राहते आहे, तर काहीतरी सैल तरंगते आहे. कॉन्टॅक्टच्या स्थितीबदलांची संख्या दर इटरेशनला तेवढीच राहत असेल, म्हणजे तेच नोड उघडझाप करत असतील, तर तो खडखडाट आहे. तिथे मेश, पृष्ठभागाचा कोपरा किंवा पेनल्टी पाहावी. दहा नोडांच्या टेट्रा (चार पृष्ठांच्या) एलिमेंटवर नोड-टू-सरफेस (एकेक नोड तपासणारा) कॉन्टॅक्ट असेल तर हा खडखडाट हमखास होतो, कारण समान दाब दिला तरी सहा नोडांच्या त्रिकोणात कोपऱ्यांच्या नोड्सच्या वाट्याला शून्य बल येते आणि सगळा भार मधल्या नोड्सवर जातो. कोपऱ्याचे नोड बंद राहायचे की उघडे, हे ठरतच नाही. अशा वेळी सरफेस-टू-सरफेस (पृष्ठभागावर सरासरीने तपासणारा) घ्यावा.

ही उघडझाप सोल्व्हरच्या न्यूटन पद्धतीला (अंदाज सुधारत उत्तराकडे जाणाऱ्या) इतकी जड का जाते, याचे मूळ गणितात आहे. कॉन्टॅक्टच्या अटी तीन: फट ऋण नाही, दाब ऋण नाही, आणि त्यांचा गुणाकार शून्य. यांतल्या दोन असमानता आहेत आणि आलेखाला कोपरा आहे. न्यूटनची पद्धत मात्र गुळगुळीत वक्रावर भरवसा ठेवते. रिजिड पृष्ठभागावर टेकलेल्या लवचीक वस्तूचा हा प्रश्न सिन्योरिनी यांनी १९५९ मध्ये मांडला आणि त्याला उत्तर असतेच हे फिकेरा यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले. पण त्यात घर्षण नव्हते. घर्षण आले की मॅट्रिक्सही असममित होते, घर्षणांक ०.२ च्या वर गेला की अबाकस असममित सोल्व्हर आपोआप वापरतो. तुमचा ०.१५ आहे, म्हणून तो आपोआप चालू होणार नाही. घसरणारे पृष्ठभाग बरेच असतील तर स्वतः चालू करून पाहा, इटरेशन कमी होण्याची चांगली शक्यता आहे.

शेवटी वरिष्ठांच्या सूचनेविषयी. सगळे कॉन्टॅक्ट टाय केलेले मॉडेल जरूर चालवा, पण पहिल्या दिवशी आणि तपासणीसाठी: भार बरोबर पोहोचतो का, प्रतिक्रियांची बेरीज ६ किलोन्यूटन येते का, एकके जुळतात का, एवढे त्यातून कळते. त्याला अंतिम उत्तर मानण्यातला धोका तुमच्याच आकड्यांत दिसतो. दोन बोल्टांचा मिळून प्रीलोड ५० किलोन्यूटन, घर्षणांक ०.१५, म्हणजे तळाची घसरण रोखण्याची कुवत ७.५ किलोन्यूटन. भार तळाला समांतर असेल तर ६ किलोन्यूटनांसमोर गुणांक फक्त १.२५ उरतो, आणि बोल्ट कसल्यानंतर प्रीलोड थोडा जरी बसला तरी तो आणखी घटतो. टाय केलेला तळ कधीच घसरणार नाही. तो टाचेच्या विरुद्ध बाजूला उघडणारही नाही, उलट तिथे ओढ सहन करील, जी खऱ्या सांध्याला अशक्य आहे; परिणामी बोल्टातले वाकण कमी दिसेल आणि ब्रॅकेटमधला सर्वाधिक ताण चुकीच्या फिलेटवर येईल. पुढे चाचणीच्या वेळी, मग ती कंपनीच्या रिगवर होवो किंवा वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमध्ये, स्ट्रेन गेज कुठे चिकटवायचे हे याच मॉडेलवरून ठरणार आहे. म्हणून तळाचा कॉन्टॅक्ट आणि बुशचा इंटरफेरन्स हे दोन्ही खरेच ठेवा. टाय करायचेच असेल तर बोल्टाच्या आट्यांपाशी तो आहे तसा राहू द्या, कारण आट्यांमधला ताण तुम्ही या मॉडेलमधून काढणार नाही आहात. आणि अहवालात तळाच्या कॉन्टॅक्टमधील घर्षणबल व घसरण रोखण्याची कुवत यांचे गुणोत्तर भाराबरोबर कसे बदलते, तो एक आलेख द्या. वरिष्ठांना टाय का केला नाही याचे उत्तर त्यातून मिळेल.